वणव्याचा नदीच्या पाण्यावर होणारा परिणाम

जंगल, झुडपी रान किंवा गवताळ डोंगर जळून गेल्यावर तिथून निघणाऱ्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या पाण्याचा दर्जा बदलतो. त्या बदलाची ही नोंद आहे. आग पेटलेली असताना पाण्यात मोठा बिघाड सहसा होत नाही. राख उडून पडते, लहान ओढ्याचे पाणी तापते, एवढेच. खरा बिघाड पुढच्या जोरदार पावसाबरोबर येतो. तोवर धूर ओसरलेला असतो, बातम्या थांबलेल्या असतात. म्हणूनच वणव्याच्या नुकसानीचा हिशेब होताना नदीची आठवण फार उशिरा होते.

जिवंत जंगलात पावसाचा थेंब जमिनीवर थेट आदळत नाही. त्याचा मारा पाने झेलतात आणि खालचा पालापाचोळा पाणी धरून ठेवून हळूहळू मुरू देतो. वणव्यात ही दोन्ही आवरणे जातात. शिवाय पालापाचोळ्यातले मेणासारखे पदार्थ उष्णतेने वाफ होऊन मातीत शिरतात, काही सेंटिमीटर खाली गार थरात गोठतात आणि मातीच्या कणांवर त्यांचा लेप बसतो. अशा जमिनीवर पाणी पडले की त्याची गत अळवावरच्या पाण्यासारखी होते, आणि साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. अळवाच्या पानावरही मेणच असते. मुरायचे ते पाणी उतारावरून धावत सुटते. राख, कोळसा, सुटी माती आणि पुढे दगडगोटे, अर्धवट जळालेले ओंडके घेऊन ते ओढ्यात उतरते. परिणाम किती तीव्र होईल हे किती क्षेत्र जळाले यापेक्षा माती किती खोल भाजली, उतार किती आणि पहिला मोठा पाऊस किती लवकर आला यांवर ठरते.

गाळ डोळ्यांना दिसतो, पण राखेबरोबर बरेच काही विरघळूनही येते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला राखेचे मोल सांगावे लागत नाही. राखेतल्या ज्या क्षारांवर रोपे पोसतात, तेच ओढ्यात गेले की शेवाळ पोसतात. पालाश, कॅल्शियम, स्फुरद पाण्यात वाढतात आणि ताज्या राखेमुळे पाणी काही काळ अल्कधर्मी होते. नायट्रेटही वाढते, कारण मातीतले नत्र उचलणारी झाडेच उरलेली नसतात. काठची सावली गेल्याने पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. न्यू मेक्सिकोत २०११च्या लास कोंचास वणव्यानंतर पावसाच्या लोंढ्याबरोबर आलेल्या काळ्या गाळाने रिओ ग्रँड नदीतला प्राणवायू काही काळ धोकादायकरीत्या घसरला होता. अशा वेळी मासे एकतर गुदमरतात किंवा कल्ल्यांत बारीक गाळ बसून मरतात.

या विषयाचा सर्वांत बारकाईने अभ्यासलेला प्रदेश म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातले साउथ प्लॅट नदीचे पाणलोट क्षेत्र. डेन्व्हर शहराच्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी या नदीवरच्या स्ट्राँशिया स्प्रिंग्ज जलाशयातून जाते. वरच्या डोंगरांत जीर्ण ग्रॅनाइटची मुरमाड, भुसभुशीत जमीन आहे. मे १९९६मध्ये बफेलो क्रीक परिसरात सुमारे १२ हजार एकर जंगल जळाले. दोन महिने होतात न होतात तोच, १२ जुलैला, त्याच जळक्या उतारांवर वादळी पाऊस कोसळला. पुरात दोन माणसे दगावली आणि जलाशयात गाळ व ओंडक्यांचा ढीग आला. ती जखम भरायच्या आत जून २००२मध्ये हेमन वणवा लागला. सुमारे १ लाख ३८ हजार एकर क्षेत्र जळाले. कोलोरॅडोच्या नोंदींतला तोवरचा तो सर्वांत मोठा वणवा होता. १९०५मध्ये पूर्ण झालेल्या चीझमन धरणाभोवतालचे रानही त्यात गेले. या दोन वणव्यांनंतर गाळ काढणे, पाणी शुद्ध करणे आणि डोंगर सावरणे यांवर डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेला २ कोटी ७० लाख डॉलरांहून अधिक खर्च करावा लागला.

शुद्धीकरण केंद्रापुढची अडचण गढूळपणापुरती नसते. तुरटीसारखे द्रव्य वाढवून गाळ बसवता येतो, मात्र त्याने खर्च वाढतो आणि केंद्राची क्षमता घटते. जळालेल्या पाल्यातून आलेला विरघळलेला सेंद्रिय कार्बन जास्त त्रासदायक. जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातला की त्याच्याशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन गटातली घातक संयुगे तयार होतात. जलाशयाच्या तळाशी साचलेला गाळ प्राणवायू खातो आणि मग तळातले लोह व मँगनीज पाण्यात सुटतात. त्यामुळे कोलोरॅडोतल्याच २०१२च्या हाय पार्क वणव्यानंतर पुडर नदी काळी वाहू लागली, तेव्हा फोर्ट कॉलिन्स शहराने तिचा उपसा बंद करून हॉर्सटूथ जलाशयाचे पाणी वापरले. दुसरा स्रोत हाताशी होता म्हणून ते जमले. एकाच नदीवर जगणाऱ्या गावाला ही मुभा नसते.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हे याचे आणखी बोलके उदाहरण. कॉटर नदीचे पाणलोट क्षेत्र इतके राखलेले होते की तिथले पाणी गाळण्याची गरज भासत नसे, निर्जंतुक करून ते थेट पुरवले जाई. जानेवारी २००३च्या वणव्यात ते क्षेत्र जळाले, पुढच्या पावसात धरणांत गाळ, लोह आणि मँगनीज उतरले, आणि शहराला माउंट स्ट्रॉम्लो येथे गाळण यंत्रणेचे नवे केंद्र उभारावे लागले. जे काम जंगल फुकट करत होते त्यासाठी कारखाना बांधावा लागला, इतका सरळ हा हिशेब आहे.

वणवा वस्तीत शिरला तर धोक्याचे स्वरूप बदलते. कॅलिफोर्नियात २०१७च्या टब्ज आणि २०१८च्या कॅम्प वणव्यानंतर सँटा रोझा आणि पॅराडाइज या गावांच्या नळांत बेंझीन हे विषारी रसायन सापडले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा अब्जात ५ भाग आहे. काही नमुन्यांत ते हजारो भागांवर गेले. हे विष नदीतून आलेले नव्हते. प्लास्टिकच्या नळ्या तापल्या, दाब गेलेल्या वाहिन्यांत धूर ओढला गेला, ही त्याची कारणे मानली जातात.

सह्याद्रीतले वणवे बहुतेक गवताचे आणि पाल्याचे असतात. आग झपाट्याने पुढे सरकते, माती फार खोल तापत नाही आणि पहिल्या सरींबरोबर गवत पुन्हा फुटते. म्हणून कोलोरॅडोची गणिते इथे जशीच्या तशी लावणे चूक ठरेल. पण फेब्रुवारी ते मे या काळात उघडा पडलेला उभा डोंगर जूनमधल्या मुसळधार पावसाला सामोरा जातो, हा धोका आपल्याकडचा खास आहे. मार्च २०२३मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा चर्चा झाडांची आणि प्राण्यांची झाली. ते रान म्हादई नदीचे पाणलोटही आहे, हे त्या चर्चेत आले पाहिजे होते.

उपायांत सर्वाधिक उपयोगी ठरलेला उपाय साधाच आहे. जळक्या उतारावर पेंढा पसरायचा, म्हणजे थेंबांचा मारा पुन्हा झेलला जातो. हेमननंतर काही भागांत तो हेलिकॉप्टरमधून टाकला गेला. आडवे ओंडके लावून केलेले बांध हलक्या पावसात टिकतात, मोठ्या पावसात गाळाने भरून निरुपयोगी होतात. वणव्यापूर्वीची तयारी स्वस्त पडते: दाट वाढलेले रान विरळ करणे, योग्य हंगामात नियंत्रित आग लावणे, पाण्याचा पर्यायी स्रोत राखणे. डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१०पासून अमेरिकेच्या वनसेवेबरोबर यासाठी भागीदारी केली आणि पाणीपट्टीतला पैसा जंगलात घातला.

नदी सावरायला लागणारा काळ सारखा नसतो. गढूळपणा काही ठिकाणी एकदोन हंगामांत ओसरतो. हेमनच्या तीव्र जळालेल्या पाणलोटांतल्या ओढ्यांत मात्र १४ वर्षांनंतरही नायट्रेट न जळालेल्या ओढ्यांपेक्षा जास्त आढळले. तिथे पाइनची झाडे अजून परतलेली नव्हती, आणि मातीतून सुटणारे नत्र उचलायला पुरेशी मुळे खाली नव्हती.