नागपूरच्या उन्हात डॅशकॅम: ४के नंतर बघा, आधी आत बॅटरी आहे का ते विचारा

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ ४के दाखवू का टूके. ऑनलाइन बघितलं तरी तेच, डब्यावर सगळ्यात मोठं अक्षर पिक्सेलचं, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं बनतं त्याचं. नागपुरात गाडी चालवणाऱ्यानं हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला प्रश्न असा की या कॅमेऱ्याच्या आत लिथियमची बॅटरी आहे की सुपरकॅपॅसिटर, कारण इथे कॅमेरा चोरीला जाण्याआधी आणि जुना होण्याआधी उन्हानं मरतो.

आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे काही बातमी नाही, २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ झालं होतं. पण हे आकडे सावलीतल्या हवेचे असतात, हवामान खातं थर्मामीटर पांढऱ्या जाळीदार पेटीत ठेवतं, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, थेट ऊन लागू न देता. तुमची गाडी ऑफिसबाहेर उघड्यावर उभी असते आणि आत वेगळाच हिशोब चालतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात २०१८ साली यावर एक अभ्यास झाला होता, तिथलं ऊन साधारण आपल्यासारखंच कोरडं आणि कडक. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना उन्हात लावलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड एका तासात सरासरी ६९ अंशांवर गेला, आतली हवा ४७ च्या आसपास. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, आपल्याकडे सुरुवातच ४४-४५ पासून होते, तेव्हा बाकीचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

एवढं तापतं कशामुळे तर सूर्याचा दिसणारा प्रकाश आणि त्याच्या लगतचा इन्फ्रारेड काचेतून बऱ्यापैकी सरळ आत येतो, काळा डॅशबोर्ड आणि सीट तो शोषून गरम होतात आणि मग स्वतः उष्णता बाहेर फेकायला लागतात, पण ही उष्णता ८-९ मायक्रॉनच्या आसपासच्या लांब लहरींची असते आणि त्या लहरींसाठी काच म्हणजे जवळजवळ भिंतच. शिवाय काचा बंद, गरम हवेला बाहेर जायला वाट नाही, आणि खरं तर हे कारण जास्त मोठं आहे. डॅशकॅम बिचारा काचेला चिकटून, काळ्या रंगाचा, एका बाजूनं थेट ऊन आणि दुसऱ्या बाजूनं ही तापलेली हवा, त्यात रेकॉर्डिंग चालू असेल तर त्याच्या स्वतःच्या चिपची गरमी वेगळी.

आता बॅटरीचं बघू. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचा असतो, वापरायचा ६० पर्यंत. त्याच्या वर आतल्या द्रवात नको त्या रासायनिक क्रिया वेगानं व्हायला लागतात, गॅस तयार होतो, सेल फुगतो, मग कॅमेऱ्याची पाठ उचलली जाते किंवा स्क्रीन बाहेर येते. आणि नागपुरात हा सेल चार्ज कधी होतो ते बघा. दुपारी अडीच वाजता तापलेल्या गाडीत बसून तुम्ही चावी फिरवता, एसी थंड करायच्या आधीच कॅमेऱ्याला करंट मिळतो, म्हणजे नेमका सगळ्यात वाईट वेळी.

सुपरकॅपॅसिटरमध्ये चार्ज साठवण्यासाठी रासायनिक क्रिया लागत नाही, सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर आयन नुसते येऊन बसतात आणि काम झालं की सुटतात. त्यामुळे तो लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी चालतो आणि ६५-७० अंश, काही प्रकारांत ८५ अंशसुद्धा सोसतो. साठा मात्र फार थोडा, काही सेकंदांपुरता. पण डॅशकॅमला तेवढाच लागतो! व्हिडिओ फाइल नीट उघडायची असेल तर ती बंद करताना तिची अनुक्रमणिका लिहावी लागते, कुठली फ्रेम कुठे आहे ते. धडकेत गाडीची वीज तुटली आणि ती लिहायची राहिली तर फाइल उघडतच नाही, आणि ती फाइल म्हणजे नेमकी धडकेचीच असते. त्या दोन-चार सेकंदांसाठी आत काहीतरी साठा असावा लागतो, बाकी वेळ कॅमेरा गाडीच्याच विजेवर चालतो. म्हणून बॅटरीवाला डॅशकॅम ‘गाडीबाहेर पण चालतो’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, आपल्याला तो गाडीबाहेर चालवायचाच नाहीये. स्पेसिफिकेशनमध्ये ऑपरेटिंग टेंपरेचर ६५ किंवा ७० लिहिलंय का तेही तिथल्या तिथे बघून घ्या.

मग पिक्सेल. त्यांचं महत्त्व आहेच, पण किती आहे ते मोजून बघता येतं. मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या नंबरप्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड असते. समजा कॅमेरा १४० अंश रुंद बघतो आणि १०८०पी आहे, म्हणजे आडवे १९२० पिक्सेल, तर एका अंशाला साधारण १४ पिक्सेल आले. दहा मीटरवर एक अंश म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर. म्हणजे एक पिक्सेल सव्वा सेंटिमीटर झाला आणि अक्षराची रेघ एक सेंटिमीटर, पिक्सेलपेक्षाही बारीक, एमएच ३१ आहे का ४९ ते कळणार कसं. तीच गाडी ४के मध्ये (आडवे ३८४० पिक्सेल) बघितली तर अक्षर दहा पिक्सेल उंच येतं, वाचता येतं. टूके मध्ये (आडवे २५६०) सात, दिवसा बहुतेक वेळा जमतं. म्हणून टूके हा मला मधला आणि शहाणा पर्याय वाटतो. १७० अंश वगैरे जाहिरातीला भुलू नका, तेवढेच पिक्सेल जास्त रुंदीवर पसरले की प्रत्येक गाडीच्या वाट्याला कमी येतात.

हा सगळा हिशोब उभ्या गाडीचा आणि भरदिवसाचा झाला. रात्री गोष्ट पूर्ण बदलते, कारण प्रकाश कमी म्हणून कॅमेऱ्याला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी ५५ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे आख्ख्या नंबरप्लेटपेक्षा जास्त, मग तुमचं ४के असो की ८के, अक्षरं पुसलेलीच येणार. समृद्धीवर १२० नं जाताना तेच अंतर ११० सेंटिमीटर होतं. पुढची गाडी तुमच्याच वेगानं चालली असेल तर एवढं पुसट होत नाही, पण समोरून येणारी किंवा चौकात आडवी जाणारी गाडी हाती लागत नाही. यावर उपाय एकच, सेन्सरनं कमी वेळात जास्त प्रकाश पकडायला हवा. त्यासाठी लेन्सचं छिद्र मोठं हवं (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, एफ/२ पेक्षा एफ/१.६ मधून दीडपटीहून जास्त प्रकाश येतो) आणि सेन्सर चांगला हवा. सोनीच्या स्टारविस सेन्सरांचं नाव यासाठीच सारखं ऐकू येतं, त्यात वायरिंगचा थर प्रकाश पकडणाऱ्या भागाच्या मागे असतो, त्यामुळे येणारा प्रकाश वाटेत अडत नाही. छोट्या सेन्सरवर ४के कोंबलेलं असेल तर प्रत्येक पिक्सेल लहान होतो आणि रात्री चित्र दाणेदार येतं, त्यापेक्षा चांगल्या सेन्सरचा टूके कधीही बरा.

अजून एक भानगड आहे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची. ती रेट्रोरिफ्लेक्टिव्ह असते, हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेनं परत फेकते, म्हणून आपल्या डोळ्याला लांबून छान दिसते. पण कॅमेरा आजूबाजूच्या काळोखासाठी शटर लांबवून बसलेला असतो, मग प्लेट पांढरीफट्ट होऊन जाते, अक्षरंच गायब. याला एचडीआर उपयोगी पडतं, कॅमेरा एक कमी वेळाची आणि एक जास्त वेळाची फ्रेम घेऊन दोन्ही जोडतो. संध्याकाळी अमरावती रोडनं पश्चिमेकडे जाताना सूर्य सरळ लेन्समध्ये येतो तेव्हाही हेच एचडीआर कामी येतं. सेटिंगमध्ये फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ करायला विसरू नका, काही कॅमेरे ६० वर सेट होऊन येतात. आपली वीज ५० ची, एलईडी सिग्नल बरेचदा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आणि मग रेकॉर्डिंगमध्ये लाल दिवा मध्येच विझलेला दिसतो. सिग्नल कुणी तोडला यावरच वाद असेल तर हे फार महागात पडतं.

बसवायचं कुठे? आरशाच्या मागे, ड्रायव्हरच्या नजरेआड म्हणजे आपल्याकडे आरशाच्या डाव्या बाजूला, आणि वायपर जिथपर्यंत पुसतो त्या भागात, नाहीतर पावसाळ्यात चार महिने थेंबांचं शूटिंग होईल. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात त्यांच्यावर टेप नीट बसत नाही, त्याच्या खाली साफ काचेवर लावा. व्हॅक्यूम कप नको, इथल्या उन्हात रबर मऊ पडून तो सुटतो. चांगली दुहेरी टेपच लावायची, आधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, आणि सकाळी, काच तापायच्या आत. टेप पूर्ण पकडायला दोन-तीन दिवस घेते, तोवर ओढाताण करू नका. गाडीला पुढे एडास कॅमेरा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) किंवा रेन सेन्सर असेल तर त्याच्यासमोर काही येऊ देऊ नका.

वायर छताच्या लायनिंगमध्ये सरकवायची, ते सोपं काम आहे, हातानं होतं. ए-पिलरला, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाला, मात्र थांबा. ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) आहेत त्यांत ती एअरबॅग छताच्या कडेनं जाते आणि ए-पिलरच्या कव्हरमागेही उतरलेली असते. तिच्यासमोरून वायर गेली तर एअरबॅग फुटताना वायर अडकू शकते किंवा वायरसकट काहीतरी तुमच्या तोंडावर येऊ शकतं. वायर एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या मूळ वायरिंगच्या सोबतीनं टाय मारून न्यायची. दुकानातला पोरगा ‘होऊन जाते भाऊ, दोन मिनिटाचं काम’ म्हणाला तरी कव्हर काढायला लावा आणि समोर उभं राहून बघा. हे एक काम घाईत कुणालाही करू देऊ नये.

लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतली तर झंझट संपली, गाडी बंद झाली की बहुतेक गाड्यांत कॅमेराही बंद. पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद करून उभी असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर हार्डवायर किट लागते, तिच्या तीन वायरी, एक कायम चालू असलेल्या फ्यूजला, एक चावीबरोबर चालू होणाऱ्याला, एक बॉडीला अर्थ. फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून जोडायचं, चालू वायर सोलून तिला जॉइंट मारू द्यायचा नाही, वॉरंटीचाही प्रश्न येतो आणि आगीचाही. किटवर कमी व्होल्टेजला बंद होण्याचं सेटिंग असतं. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ ला निम्मी उरते, ११.८ ला जवळपास रिकामी. म्हणून १२.२ ठेवा. कॅमेरा पाच वॉट खात असेल तर रात्रीच्या बारा तासांत पाच अँपिअर-अवर जातात, ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते झेपतं, पण जुन्या बॅटरीला किंवा गाडी तीन-तीन दिवस हलत नसेल तर नाही झेपत. आणि एप्रिल-मे मध्ये उघड्यावर उभ्या गाडीत दिवसाचा पार्किंग मोड सरळ बंद ठेवावा असं मी सांगेन, रात्री चालू ठेवा, झाडाखाली नाहीतर तळघरात असेल तर दिवसाही चालेल.

मेमरी कार्डाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक पेशीवर ठराविक वेळाच पुसून लिहिता येतं आणि डॅशकॅम दिवसभर तेच करतो, जुनं पुसतो, नवं लिहितो. मोबाइलचं साधं कार्ड त्यात लवकर दमतं आणि दमल्याचं सांगतही नाही, म्हणून हाय एंड्युरन्स लिहिलेलंच घ्या. १०८०पी ला सेकंदाला १५ मेगाबिट धरले तर तासाला पावणेसात जीबी, ६४ जीबीत नऊ तास बसतात, म्हणजे समृद्धीचे ७०१ किलोमीटर आरामात. ४के ला याच्या दुप्पट तरी लागतं, मागचा कॅमेरा असेल तर आणखी, तेव्हा १२८ च्या खाली जाऊ नका.

कॅमेऱ्यात जी-सेन्सर असतो, सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला, झटका बसला की तो सरकतो आणि कॅमेरा त्या वेळची फाइल लॉक करतो. पण आपल्या रस्त्यांवर स्पीडब्रेकर आणि खड्डेही झटके देतात, सेन्सिटिव्हिटी हाय ठेवली तर महिन्याभरात कार्ड लॉक फाइलींनी भरून जातं. लो वर ठेवा आणि महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

हे रेकॉर्डिंग कोर्टात चालतं का, तर चालतं, पण पद्धतीनं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवर गणित करून काढलेली एक ओळ, फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते, त्यामुळे छेडछाड झाली की नाही ते कळतं. सर्टिफिकेटचा हा आग्रह जुन्या कायद्यातही होता, जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये तो पक्का केला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कॉपी दाबून लहान केलेली असते, तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही, पोलिसांना दाखवायला ठीक पण पुरावा म्हणून मूळ फाइलच लागते. कॅमेऱ्याची तारीख-वेळही बरोबर हवी, जीपीएस असेल तर ती आपोआप जुळते, फक्त टाइमझोन साडेपाच तास पुढचा निवडलेला पाहिजे.

आणि अपघात झालाच तर माणसं सुखरूप आहेत हे बघून झाल्यावर कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्या. इंजिन चालू राहिलं तर लूप फिरत राहतो, आणि जी फाइल लॉक झाली नसेल, म्हणजे धडकेच्या आधीचा तो कट मारणारा ट्रक ज्यात आहे ती, काही तासांत पुसली जाते. त्यासाठी ग्लव्हबॉक्समध्ये फॉरमॅट केलेलं दुसरं कार्ड ठेवलेलं असावं, ते घालायचं आणि मग घरी निघायचं.