सिव्हिल, डफरीन की खासगी? सोलापुरात बाळंतपणाची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

मुलगी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी येते आणि मग घरात चर्चा सुरू होते, नाव कुठं घालायचं? सरकारी सिव्हिलला, महापालिकेच्या डफरीनला, की ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे? दवाखाना तेव्हा ठरवला तरी एक वेळ निभावतं. सरकारी नोंदणीला मात्र तोवर उशीर झालेला असतो. ती पहिल्या बारा आठवड्यांत व्हायला हवी, आणि खासगीत बाळंत होणाऱ्या बाईचीही व्हायला हवी. ‘आम्ही खासगीत दाखवतोय, आम्हाला सरकारी कार्ड कशाला’ असं म्हणणाऱ्यांचे पैसे इथंच बुडतात, कारण बऱ्याच योजनांना दवाखाना कुठला याच्याशी देणंघेणं नसतं, त्यांना कार्ड लागतं.

नोंदणीला कुठं जायचं? शहरात राहत असाल तर आपल्या भागातल्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, खेड्यात उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. गल्लीतल्या आशाताईंना सांगितलं तरी त्या घेऊन जातात. सोबत बाईचं आधार कार्ड, तिच्या स्वतःच्या खात्याचं पासबुक, चालू असलेला मोबाइल नंबर आणि खासगीत तपासणी झाली असेल तर ती फाइल. तिथं माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि ऑनलाइन नोंद होऊन आरसीएच नंबर पडतो. तो नंबर कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका. शेवटच्या पाळीची तारीखही नीट आठवून सांगा. अंदाजे ‘महिन्याच्या सुरुवातीला’ असं ठोकून दिलं, तर पुढं सोनोग्राफीतली तारीख एक, कार्डावरची दुसरी, आणि योजनेच्या मुदती कार्डावरच्या तारखेपासून मोजतात.

सासर पुण्याला आणि बाळंतपण सोलापुरात, हे आपल्याकडं नेहमीचंच. सासरी नोंदणी झाली असेल तर इथं नव्यानं करायची नाही. तेच कार्ड, तोच आरसीएच नंबर इथल्या आशाताईंना दाखवायचा आणि पुढच्या तपासण्या त्याच कार्डावर चढवून घ्यायच्या.

आता पैशाचं. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. ३,००० रुपये गरोदरपणाची नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर; उरलेले २,००० बाळाची जन्मनोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर. १ एप्रिल २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकरकमी ६,००० रुपये आहेत. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडून भरता येतो, योजनेच्या संकेतस्थळावर स्वतःही भरता येतो. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांत आणि दुसऱ्या मुलीसाठी तिच्या जन्मापासून २७० दिवसांत तो गेला पाहिजे.

पात्रतेला पुढच्यापैकी एकच गोष्ट पुरते: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, मनरेगाचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र, किंवा शेतकरी महिलेची किसान सन्मान निधीची नोंद. विडी घरकुलातल्या बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत रांग लावतात, तेव्हा पर्समध्ये ई-श्रम कार्ड पडलेलं असतं. ते चालतं. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या कायम नोकरदार बाईला ही योजना नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर आणि बँकेवर. आपल्या पूर्व भागात हे फार दिसतं. आधारवर आडनावाचं नुसतं आद्याक्षर आणि तेही नावाच्या आधी, पासबुकावर पूर्ण आडनाव शेवटी, रेशनकार्डावर अजून माहेरचं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या बाजूला आधार कर्नाटकातलं आणि खातं इथलं, असंही असतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात, तेही बाईच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याचं किंवा सासूबाईंचं खातं देऊन चालत नाही. म्हणून चौथ्या महिन्याच्या आत बँकेत जाऊन ‘खात्याला आधार सीडिंग (सरकारी पैसे जमा होण्यासाठीची आधार जोडणी) आहे का’ एवढं एक विचारून या. केवायसीला आधार दिलेलं असणं आणि सीडिंग असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटरवरचा माणूस गडबडीत पहिल्याचंच उत्तर देतो.

मातृ वंदनेला दवाखाना कुठलाही चालतो, जननी सुरक्षा योजनेचं तसं नाही. तिथं बाळंतपण सरकारी किंवा शासनमान्य संस्थेत व्हावं लागतं. महाराष्ट्रात ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या महिलांसाठी आहे. ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये. रक्कम लहान आहे, पण डिस्चार्ज कार्ड, जातीचा दाखला किंवा बीपीएलचा पुरावा आणि पासबुक एवढ्यावर काम होतं. वयाची आणि अपत्यांच्या संख्येची जुनी अट २०१३ साली निघाली, तरी ‘तिसरं आहे, मिळणार नाही’ असं सांगणारे अजून भेटतात.

बांधकाम कामगार मंडळाकडं नोंद जिवंत असेल, बाईची किंवा तिच्या नवऱ्याची, तर नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. इथंही दवाखाना आड येत नाही, फक्त प्रसूतीचं प्रमाणपत्र आणि बिलं जपून ठेवावी लागतात. गिरणीत, कारखान्यात पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर गोष्टच वेगळी: आधीच्या दोन सलग वर्गणी-कालावधींत ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली की २६ आठवड्यांची पगारी रजा विमा महामंडळाकडून मिळते आणि उपचारही तिथूनच होतात.

सरकारीत काय काय फुकट

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (जेएसएसके) २०११ पासून चालू आहे आणि त्याला उत्पन्नाची, जातीची, रेशनकार्डाची कसलीच अट नाही. बंगल्यातली बाई गेली तरी तिलाही लागू. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला तीन आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत जेवण, घरून दवाखान्यात नेणं आणि बाळंतिणीला परत घरी सोडणं हे सगळं मोफत. गरोदर बाईकडून केसपेपरचेही पैसे घ्यायचे नाहीत. आजारी बाळालाही एक वर्षापर्यंत हीच सवलत. न्यायला-आणायला १०२, अडीनडीला १०८. ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली तर मुकाट्यानं मेडिकल गाठण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारायचं, की ही चिठ्ठी जेएसएसकेमध्ये बसत नाही का? आवाज न चढवता विचारलं तरी पुष्कळदा औषध आतूनच निघतं.

सोलापुरात सरकारी म्हणजे मुख्यतः दोन दारं. महापालिकेची प्रसूतिगृहं, त्यात डफरीन सगळ्यांच्या तोंडी. आणि सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, जे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. जिल्ह्यात पंढरपूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं आहेतच. सिव्हिलला गर्दी असते, ओपीडीत सकाळ जाते, दर खेपेला तपासणारे डॉक्टर तेच असतील असं नाही, आणि शिकाऊ डॉक्टर तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी तसं खुशाल म्हणावं. पण ‘आपल्याला काय कमी आहे, सिव्हिलला कशाला’ हे कारण काही दवाखाना निवडण्याचं कारण नव्हे.

माझं मत विचाराल तर निवड बाईच्या कार्डावरून करावी. बीपी १४०/९० च्या वर जातंय, आधीचं सिझेरियन आहे, जुळं आहे, वार खाली आहे, हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, यातलं काहीही असेल तर रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग एकाच छपराखाली असेल तिथंच नाव घालायचं. मग ते सिव्हिल असो किंवा मोठं खासगी रुग्णालय. कार्ड साफ असेल तर डफरीन किंवा जवळचं चांगलं नर्सिंग होम, दोन्ही ठीक. सगळ्यांत धोक्याचा पर्याय म्हणजे जोखमीची बाई आणि रात्री भूलतज्ज्ञ फोनवर बोलवावा लागतो असा छोटा दवाखाना. बिघडलेली केस तिथून मध्यरात्री शेवटी सिव्हिललाच येते.

खासगीत दाखवत असाल तरी दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी सोडू नका. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. दुसरं मत फुकटात मिळतं, आणि कार्डावर सरकारी नोंदही पडते.

खासगीत जाण्याआधी

दवाखान्याचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का बघा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या बदलानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं आणि बिल बाबवार द्यावं लागतं. दर विचारताना ‘नॉर्मलचं किती, सिझरचं किती’ एवढ्यावर थांबू नका. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं, खोलीचे दिवस यात धरलेत का, आणि बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर रोजचा खर्च किती? बजेट कोसळतं ते बहुधा या शेवटच्या आकड्यानं. ती सोय त्याच दवाखान्यात नसेल, तर बाळ एका दवाखान्यात आणि आई दुसऱ्यात अशी वेळ येते. तेव्हा कुठल्या दवाखान्याशी त्यांचा संबंध आहे, तेही विचारून ठेवा. बिलाची किंवा हक्कांची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं करायची, तालुक्याच्या गावी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातली सगळी कुटुंबं आली आहेत, पाच लाखांपर्यंत. पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयांतच चालते. बोर्ड दिसला म्हणून खासगीतलं बाळंतपण फुकट होईल असं धरून चालू नका. भरती होण्याआधी त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधार ठेवून विचारा. स्वतःच्या मेडिक्लेमचंही तसंच. प्रसूतीला प्रतीक्षा काळ असतो, त्यामुळं दिवस गेल्यावर काढलेली पॉलिसी या खेपेला उपयोगी पडत नाही. कंपनीचा गट विमा असेल तर मात्र अटी वाचा, त्यात पहिल्या दिवसापासून प्रसूती धरलेली असू शकते.

सोनोग्राफीला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न्यायचंच. तिथं ‘फॉर्म एफ’ भरून घेतात, ते कायद्यानं बंधनकारक आहे. मुलगा की मुलगी हे विचारणंही गुन्हा आहे आणि सांगणंही, खासगीत आणि सरकारीत सारखंच.

बाळ झाल्यावर

जन्माची नोंद जिथं बाळ जन्मलं तिथलीच. सासर कुठलंही असो, सोलापूर शहरात जन्मलेल्या बाळाचा दाखला महापालिकाच देते. माहिती दवाखाना पाठवतो, खासगीसुद्धा. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यानंतर वर्षभरापर्यंत लेखी परवानगी, शुल्क आणि स्वसाक्षांकित कागद. वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

डिस्चार्जच्या आधी दवाखान्यातला जन्माचा फॉर्म स्वतः वाचा. आईचं नाव आधारवर आहे अक्षर न् अक्षर तसंच हवं. सिस्टर विचारतात, आजी सांगते, आणि आजी माहेरचं लाडाचं नाव सांगून मोकळी होते. ते तसंच दाखल्यावर छापून आलं की मातृ वंदनेचा दुसरा हप्ताही अडतो आणि दुरुस्तीचे हेलपाटेही सुरू होतात. बारसं व्हायचंय म्हणून नोंद थांबवायची गरज नाही. बाळाचं नाव रिकामं ठेवून नोंद होते आणि वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं.

लसी खासगी बालरोगतज्ज्ञांकडं देणार असाल तर प्रत्येक वेळी माता-बाल कार्डही पुढं करा. त्यांच्या छापील पुस्तिकेत तारखा असतात आणि सरकारी कार्ड कोरंच राहतं, मग आशाताईंना पोर्टलवर नोंद करता येत नाही. मुलगी झाली असेल, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल आणि उत्पन्न लाखाच्या आत असेल, तर त्याच फेरीत अंगणवाडीतून लेक लाडकीचा अर्जही मागून घ्या. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,००० रुपये आणि पुढं टप्प्याटप्प्यानं १८ वर्षांपर्यंत एकूण १,०१,००० रुपये. कागदं जवळपास तीच लागतात: दाखला, आई-वडिलांचं आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.