ब्रेक ऑइल कमी झालं की वरून टाकायचं, बास?

"ब्रेक ऑइलची लेव्हल खाली आली की वरून टाका, बाकी काही बघायची गरज नाही" हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि पटतंही, कारण इंजिन ऑइल आपण तसंच टॉपअप करतो ना.

पण ब्रेक ऑइल जळत नाही, ते बंद सिस्टीममध्ये असतं, मग गेलं कुठं? डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन हळूहळू बाहेर सरकतो आणि त्याच्या मागं जी जागा होते ती भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. म्हणजे लेव्हल सावकाश उतरली असेल तर बहुतेक वेळा पॅड पातळ झालेत हेच ती सांगत असते. वरून भरलंत की हा इशाराच गायब, शिवाय नवीन पॅड टाकताना पिस्टन मागं ढकलला की जादाचं ऑइल डबीतून बाहेर येणार, आणि ते गाडीच्या रंगावर पडलं तर रंग खातं.

चेक करणं सोपं आहे. टॉर्च घेऊन चाकाच्या फटीतून बघा, पॅडचा घासणारा थर 3 मिमीपर्यंत आला असेल तर बदलायची वेळ झाली. आतल्या बाजूचा पॅड पण नक्की बघा, जुन्या गाडीत कॅलिपरच्या पिना जाम झाल्या की एकच बाजू जास्त झिजते आणि बाहेरून सगळं छान दिसतं.

पॅड जाड आहेत तरी लेव्हल उतरतेय? मग लीकेज आहे. होज (ब्रेक ऑइलचे रबरी पाइप) आणि चाकाच्या आतली ओल बघा, आणि कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका प्लीज.