खडखडणारी स्लाइड आणि १९११ची अचूकता

“स्लाइड हलवून पाहा. खडखडली तर ते १९११ पिस्तूल अचूक नाही, कस्टम कामासाठी घेऊ नका.” अमेरिकेतल्या नेमबाजांत हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. १९११ हे अमेरिकी सैन्याने त्या वर्षी स्वीकारलेले पिस्तूल; स्लाइड म्हणजे त्याचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग, फ्रेम म्हणजे खालचा सांगाडा, आणि कस्टम काम म्हणजे भाग बदलून, हाताने बसवून पिस्तूल सुधारणे. शंका रास्त आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवले जाते.

१९११च्या दोन्ही साइट्स (नेम धरायच्या खुणा) स्लाइडवर असतात. म्हणून दर गोळीला बॅरल (नळी) स्लाइडमध्ये त्याच जागी बसणे सर्वांत महत्त्वाचे. ते काम पुढे बुशिंग (बॅरलच्या तोंडाभोवतीची कडी), मागे हूड (बॅरलच्या मागच्या टोकाची जीभ) व वरचे लॉकिंग लग (स्लाइडमध्ये अडकणारे उंचवटे), आणि खाली स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याच्या) पिनेवर टेकणारे लग करतात. स्लाइड आणि फ्रेममधल्या सैलपणाने ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) थोडा पसरतो, एवढेच.

तपासायचे असे. मॅगझीन काढा, चेंबर (बॅरलमधली काडतुसाची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. स्लाइड पूर्ण पुढे असताना हूड अंगठ्याने खाली दाबा; दबले तर लॉकअप (बॅरलची स्लाइडमधली पकड) सैल आहे. बॅरलचे तोंड बुशिंगमध्ये हलते का, तेही बघा. खरा निकाल रेस्टवरून (पिस्तूल टेकवून), २५ यार्डांवर, एकाच प्रकारच्या काडतुसांचे पाच-पाच गोळ्यांचे अनेक ग्रुप घेऊनच कळतो.

शिवाय कस्टम कामात बॅरल आणि बुशिंग बहुधा बदलतातच. मोठ्या मापाचे घेऊन घासून बसवतात. राहतात त्या फ्रेम आणि स्लाइड. तेव्हा रेल्सना (स्लाइड ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांना) तडे नाहीत ना, हॅमर आणि सीअरच्या (हॅमर रोखून धरणाऱ्या भागाच्या) पिनांची भोके समांतर आहेत ना, हे पाहा. साध्या बॅरलमध्ये फ्रेमचा रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढवणारा उतार) आणि बॅरलचा रॅम्प यांत सुमारे १/३२ इंच (०.८ मिमी) फट हवी, नसेल तर गोळीचे टोक तिथेच अडकते.