निवृत्तीचं वय ६२

हंगेरीत २०११ पर्यंत न्यायाधीशांना वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत काम करता येत असे. मग नवी राज्यघटना आली आणि ही मर्यादा ६२ वर आली. कारण ऐकायला रास्तच होतं : इतरांना जो नियम, तोच न्यायाधीशांना. कुणाला अटक झाली नाही, कोर्टाला टाळं लागलं नाही. फक्त २०१२ या एका वर्षात साधारण २७० न्यायाधीश घरी जाणार हे ठरून गेलं. म्हणजे दर दहांतला एक. वयाने मोठे तेच हुद्द्यानेही मोठे असतात, त्यामुळे यात न्यायालयांचे अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालयातली मंडळी बरीच होती. रिकाम्या खुर्च्यांवर कोण बसणार यात नव्याने निर्माण केलेल्या एका पदाचा शब्द मोठा होता, आणि त्या पदावरची व्यक्ती संसद निवडणार होती. संसदेत तेव्हा पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाकडे दोन तृतीयांश बहुमत होतं.

निवृत्तीचं वय हा इतका कंटाळवाणा विषय आहे की त्यासाठी सहसा कुणी रस्त्यावर उतरत नाही. लोकशाहीच्या घसरणीचा अभ्यास करणाऱ्यांना नेमका हा कंटाळाच छळतोय.

पूर्वी त्यांचं काम सोपं होतं, कारण लोकशाही बुडण्याला तारीख असायची. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीच्या हवाई दलाने अध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. ५ एप्रिल १९९२ ला पेरूचे निवडून आलेले अध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांनी संसद बरखास्त केली आणि लिमाच्या रस्त्यांवर रणगाडे आणले. शीतयुद्ध संपल्यावर असे उठाव कमी होत गेले. नॅन्सी बर्मिओ या राज्यशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की त्यांची जागा दुसऱ्याच प्रकाराने घेतली आहे. रीतसर निवडून आलेलं सरकार स्वतःवरचे लगाम एकेक करून सैल करत जातं, आणि तेही कायदा करून, मतदान घेऊन, राजपत्रात छापून. याला सनावळीत टाकायची तारीख नसते.

तारीख नसण्याने काय बिघडतं, हे बॅरी वाइनगास्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या एका साध्या प्रतिमानातून कळतं. सत्ताधाऱ्याला अडवायचं तर पुष्कळ लोकांनी एकाच वेळी उठावं लागतं. एकटा उठला तर त्याचंच नुकसान, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत बसतो. सगळ्यांना एकदम उठवणारी गोष्ट म्हणजे ठळक, सर्वांना दिसणारी रेघ. ती ओलांडली की ‘आता इतरही उठणार’ याची खात्री वाटते.

याचा पडताळा दक्षिण कोरियात आला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष यून सुक-यॉल यांनी दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसद भवनात शिरले. खासदार कुंपणांवरून उड्या मारून आत पोचले आणि रात्री एकच्या सुमारास हजर असलेल्या सर्वच्या सर्व १९० जणांनी, त्यात अध्यक्षांच्या पक्षाचेही काही होते, तो कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिलं. पहाटे साडेचारच्या आसपास यून यांनी माघार घेतली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमुखाने त्यांना पदावरून हटवलं. गोंगाट करून आलेला चोर सहा तासांत सापडला. सत्तरावरून बासष्टवर आलेल्या आकड्याला असा आवाज कुठून येणार?

बरं, आक्षेप घ्यायचा तर कशावर घ्यायचा? हंगेरीचा बारकाईने अभ्यास केलेल्या किम लेन शेपेली यांनी दाखवलेली खुबी अशी की, प्रत्येक सुटा नियम कुठल्या ना कुठल्या नामांकित लोकशाहीत सापडतो. एका मतदारसंघात जास्त मतं मिळवणारा जिंकतो, ही ब्रिटनची रीत. दीर्घ मुदतीचे पदाधिकारी हवेत तर जर्मनीच्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश १२ वर्षं असतात. टीका झाली की सरकार त्या त्या देशाकडे बोट दाखवतं आणि ते खोटंही नसतं. घोटाळा अवयवांत नसून शिवणीत आहे. हंगेरीत खासदारांची संख्या ३८६ वरून १९९ वर आणली, मतदारसंघ नव्याने आखले, आणि जिंकणाऱ्याच्या उरलेल्या मतांचाही त्यालाच फायदा देणारं सूत्र बसवलं. २०१० मध्ये फिदेसला ५३ टक्क्यांच्या आसपास मतं होती. २०१४ मध्ये ती सुमारे ४५ टक्क्यांवर घसरली. जागा मिळाल्या १३३. आता १९९ चे दोन तृतीयांश काढा : १३२.६७. म्हणजे घटना बदलायला लागतात तेवढ्याच, एकही कमी नाही.

या शिवणकामात मला सर्वांत बोलका वाटतो तो आंद्राश बाका यांचा किस्सा. ते हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष होते, मुदत २०१५ पर्यंत. निवृत्तीच्या वयावर त्यांनी संसदेत उघड टीका केली. त्यानंतर न्यायालयाचं नावच बदललं आणि नव्या नावाच्या न्यायालयाच्या अध्यक्षासाठी अट आली : हंगेरीत न्यायाधीश म्हणून किमान पाच वर्षांचा अनुभव. बाका यांनी १७ वर्षं न्यायदान केलं होतं, पण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात. ती धरायची नाहीत असं ठरलं. १ जानेवारी २०१२ ला त्यांचं पद संपलं. ते त्याच स्ट्रासबर्गच्या न्यायालयात गेले आणि जून २०१६ मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या पीठाने त्यांच्या बाजूने अंतिम निकाल दिला. तोवर त्यांची मूळ मुदतसुद्धा संपून वर्ष झालं होतं. वरातीमागून घोडं!

कायदे मंडळ हाताशी असलेलं सरकार आठवड्यांच्या हिशेबाने चालतं, न्यायालय वर्षांच्या, आणि मतदाराची पाळी चार-पाच वर्षांनी येते. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही नोव्हेंबर २०१२ मध्ये निवृत्तीचा तो नियम बेकायदा ठरवला, पण बऱ्याच खुर्च्या तोवर भरल्या होत्या. हरणाऱ्या खटल्यातूनसुद्धा वेळ कमावता येतो, हे सत्तेला फार लवकर कळतं.

आणि मतदार? मॅथ्यू ग्रॅहम व मिलान स्वोलिक यांनी अमेरिकेत प्रयोग केला. मतदारांपुढे काल्पनिक उमेदवारांच्या जोड्या ठेवल्या. काहींच्या माथी लोकशाहीविरोधी वर्तन मारलं, जसं न्यायालयाचे आदेश धुडकावणं किंवा पत्रकारांवर खटले भरणं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लोक शिक्षा करतात, पण बेताचीच. समोरचा पक्ष जितका नकोसा, तितकी आपल्याच्या आगळिकीकडे डोळेझाक जास्त. हे लोक हुकूमशाहीचे चाहते नव्हेत. त्यांना कररचना किंवा स्थलांतराचं धोरण अधिक महत्त्वाचं वाटतं, इतकंच.

हे सगळं मोजायचं कसं, यावरून अभ्यासकांत चांगलीच जुंपली आहे. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातला व्ही-डेम प्रकल्प १७८९ पासूनची माहिती गोळा करतो. ‘सरकार न्यायालयाचं ऐकतं का’ यासारख्या प्रश्नांवर प्रत्येक देशासाठी शक्यतो पाच तरी तज्ज्ञ गुण देतात. कुणी परीक्षक कडक, कुणी सढळ, म्हणून सगळ्यांना काही काल्पनिक देशांची वर्णनं देऊन त्यांचा हात तपासतात आणि संख्याशास्त्राने फरक काढतात. या मोजमापानुसार जगभर घसरण आहे. अँड्र्यू लिटल आणि अ‍ॅन मेंग यांनी यावर शंका घेतली : सत्ताधारी किती वेळा हरतात, मुदतीच्या मर्यादा किती पाळल्या जातात अशा उघड मोजता येणाऱ्या गोष्टींत तेवढी घसरण दिसत नाही, तज्ज्ञांचाच मूड बिघडला असेल. शंका वाजवी आहे. पण इथे एक तिढा आहे. नवी पद्धत मुळात उघड मोजमापात न सापडण्यासाठीच घडलेली असेल, तर त्या मोजपट्टीवर ती दिसणार कशी? माझा कल तज्ज्ञांकडे आहे, पण त्यांचे आकडे दशांश चिन्हापर्यंत खरे मानायची माझी तयारी नाही.

लगाम परत घट्टही करता येतात, आणि तेही अशाच रुक्ष तपशिलांतून. २५ जून १९७५ च्या रात्री भारताच्या राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकच झालेली नव्हती. मंत्र्यांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ४४व्या घटनादुरुस्तीने नंतर अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना अशी घोषणा करता येणार नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आलं, आणि संसदेची मंजुरी दोनऐवजी एका महिन्यात घ्यावी लागू लागली.

पोलंडमध्ये मात्र दुरुस्तीच अडकून बसली आहे. तिथेही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं निवृत्तीचं वय ७० वरून ६५ वर आलं. न्यायालयाच्या अध्यक्षा माल्गोझाता गेर्सडॉर्फ यांनी मात्र, घटनेने मला सहा वर्षं दिली आहेत, असं म्हणत ४ जुलैच्या सकाळी नेहमीसारखं ऑफिस गाठलं. बाहेर गर्दी जमली होती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने या वेळी निकालाची वाट न बघता अंतरिम आदेश दिला आणि काढलेले न्यायाधीश परतले. वयाचा डाव फसला, पण दुसरा लागू पडला होता. न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या परिषदेतले १५ सदस्य आधी न्यायाधीश निवडत, ते आता संसद निवडू लागली. या परिषदेच्या शिफारशीने दोन हजारांहून अधिक नेमणुका झाल्या. २०२३ च्या निवडणुकीत सुमारे ७४ टक्के मतदान होऊन सत्ता बदलली, पण कायदे अडवू शकणारं राष्ट्राध्यक्षपद हरलेल्या पक्षाच्याच बाजूला राहिलं. आणि समजा ते नसतं, तरी या सगळ्या न्यायाधीशांना एका फटक्यात काढणं म्हणजे आधीच्यांनी केलं तेच करणं. शिवाय हे लोक इतकी वर्षं नुसते बसून नव्हते. त्यांनी वारसाहक्काचे दावे निकालात काढले, माणसं तुरुंगात पाठवली, घटस्फोट मंजूर केले. त्यातल्या कित्येकांची दुसरी लग्नंही एव्हाना झाली असणार.