फिटच्या आजारावरच्या संशोधनात सहभागी व्हायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि संमतीपत्र

सांगली-मिरजेला फिटच्या उपचारासाठी येणाऱ्या घरच्यांना ओपीडीत कधी कधी विचारलं जातं, "आमचा एक अभ्यास चालू आहे, तुमच्या पेशंटला त्यात घेऊ का?" यावर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. डॉक्टर सांगतात म्हणजे चांगलंच असणार, असं म्हणून दाखवतील तिथे सही करतात. नाहीतर "आमच्या पोरावर प्रयोग नकोत" म्हणून तडक बाहेर पडतात. या दोन्हींच्या मध्ये एक लेखी, कायद्याने बांधलेली प्रक्रिया आहे आणि ती पेशंटच्या बाजूने चांगली भक्कम आहे. ती माहीत नसल्यामुळे लोक एकतर घाबरतात किंवा फसल्यासारखे वाटून घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी, ही योजना नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कागदपत्रं दिली, मंजुरी आली आणि उपचार झाला, तसं इथे नसतं. संशोधन म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर अजून पक्कं नाही ते शोधणं. नव्या औषधाचा आपल्या पेशंटला फायदा होईलच असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबून पुन्हा विचारा.

तरीही भाग घेणाऱ्यांमुळेच उपचार पुढे सरकतात. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ५७ मुलांचं मेंदूचं ऑपरेशन झालं, ५९ मुलं औषधांवरच राहिली. वर्षभराने ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट थांबल्या होत्या, औषधांवरच्या गटात फक्त ७ टक्के. पण ऑपरेशनच्या गटातल्या १९ मुलांना गंभीर त्रासही झाला, त्यातल्या १५ जणांची एक बाजू कमजोर झाली. हे दोन्ही आकडे आज आईबापांसमोर ठेवता येतात, कारण त्या ११६ घरांनी सही केली होती.

अभ्यास खरा आहे का, हे कसं बघायचं

भारतात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या उपचारांच्या चाचणीची, नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. २००७ पासून ती चालू आहे, २००९ पासून औषधांच्या ट्रायलला नोंदणी सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. ही नोंद वेबसाइटवर कोणालाही फुकट बघता येते. आजाराच्या नावाने शोधलं की अभ्यास कुठल्या गावातल्या कुठल्या रुग्णालयात आहे, प्रमुख डॉक्टर कोण, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघून अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, पेशंट घेणं चालू आहे की बंद झालं, हे सगळं दिसतं. मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं शेजारी बसवा. ओपीडीत विचारणा झाली तर सरळ नोंदणी क्रमांक मागा. "सीटीआरआय"नंतर वर्ष, महिना आणि आकडा, असा तो असतो.

आपल्याकडे मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं भारती, कराडचं कृष्णा इथे एमडी-एमएसचे विद्यार्थी असतात, आणि त्या पदवीसाठी प्रबंध लागतो. म्हणजे विचारणा करणारा तरुण डॉक्टर औषध कंपनीचाच असेल असं नाही. प्रबंधालाही एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. या कमिटीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत कायदा जाणणारी व्यक्ती, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस आणि स्त्री सदस्य हवीच. औषधांच्या ट्रायलसाठी तर नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात, अध्यक्षही बाहेरचाच.

पात्रता

प्रत्येक अभ्यासाची अट वेगळी, पण फिटच्या औषधांच्या अभ्यासात काही गोष्टी सहसा असतातच. वय ठरलेलं असतं. निदान पक्कं लागतं: चक्कर, घाबरल्यामुळे आलेला झटका किंवा लहान मुलांना तापात येणारा झटका यात धरत नाहीत. "औषधांना दाद न देणारा आजार" अशी अट असेल तर योग्य निवडलेली, पुऱ्या मात्रेत घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ. गोळ्या मध्येच बंद केल्याने आलेल्या फिट त्यात मोजत नाहीत. सध्याच्या गोळ्या काही आठवडे न बदलता चालू असाव्या लागतात. गरोदर स्त्रिया, लिव्हर-किडनीचा मोठा आजार असलेले, दारूचं व्यसन असलेले आणि आधीच दुसऱ्या अभ्यासात असलेले पेशंट बहुधा वगळले जातात.

एक अट कागदावर साधी दिसते आणि पुढे तीच अवघड जाते: वेळच्या वेळी तपासणीला येणं. विटा-आटपाडीकडचा मुलगा गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानात परराज्यात असेल आणि दिवाळीलाच घरी येत असेल, तर त्याचं नाव घालू नका. द्राक्षाच्या हंगामात तासगावचं घर चार दिवस रिकामं होऊ शकत नाही, हेही आधीच सांगा. मधल्या भेटी चुकल्या की अभ्यासही बिघडतो आणि पेशंटवरची देखरेखही सुटते.

कागदपत्रं

ओळखीचा आणि वयाचा पुरावा, जुने केसपेपर, एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख), रक्ताचे रिपोर्ट, आणि आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी हरवली असेल तर रिकामी स्ट्रिप न्या, त्यावर नाव आणि मिलिग्रॅम असतं.

पण सगळ्यांत वजनदार कागद घरचाच असतो, तो म्हणजे फिटची वही. बऱ्याच अभ्यासांत औषध सुरू होण्याआधी काही आठवडे फक्त फिट मोजल्या जातात आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. "महिन्यात दोन-तीनदा येते" हे पुरत नाही. जतकडच्या एका आईने शाळेच्या वहीत ठेवलेली नोंद मी पाहिली आहे: "मंगळवार, पहाटे, झोपेत. आधी उजवा हात, मग सगळं अंग. जीभ चावली. घड्याळात तीन मिनिटं. नंतर अर्धा तास ओळख नाही." एवढं असलं की डॉक्टरला फिट मेंदूच्या कुठल्या बाजूने सुरू होते याचा अंदाज बांधता येतो. मोबाइलवर फिटचा व्हिडिओ असेल तर फारच उत्तम. फक्त पेशंटला कुशीवर वळवा, मग फोन उचला.

संमतीपत्र

इथे घाई करू नका. आधी माहितीपत्रक मिळतं: अभ्यास कशाचा, किती दिवसांचा, धोके कोणते, दुसरे उपचार कोणते, प्रवासखर्च मिळणार का, आणि कुठला खर्च तुमच्यावर पडणार. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेतच हवं. जत तालुक्याच्या सीमेवरच्या गावांत घरात कन्नड बोलतात. मराठी कागद समोर ठेवून "कळलं ना?" विचारणं पुरेसं नाही, कन्नड कागद मागण्याचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो आणि मग अंगठा. कागद घरी नेऊन चार माणसांत वाचायला वेळ मागा.

औषधाच्या ट्रायलच्या संमतीपत्रात वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव लिहावं लागतं. नॉमिनीचा रकाना बघून लोक दचकतात. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, त्यासाठी तो आहे. तो रिकामा सोडू नका. ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, इजा ट्रायलमुळे झाली असं ठरलं तर भरपाईही, आणि गंभीर त्रासाची खबर डॉक्टरांनी २४ तासांत द्यायची असते.

मुलांसाठी आई किंवा वडिलांची सही लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. बारा वर्षांपुढे ती लेखी घेतात. मूल "नको" म्हणत असेल तर ते ऐका.

काही औषधांच्या अभ्यासांत एका गटाला खरं औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी देतात. हे माहितीपत्रकात लिहिलेलं असायलाच हवं. फिटच्या अभ्यासात चालू गोळ्या सहसा तशाच ठेवून त्यावर ही गोळी देतात. आपली जुनी गोळी बंद होणार आहे का, हा प्रश्न तोंडी आणि कागदावर दोन्हीकडे तपासा.

"नाव बाहेर फुटलं तर पोरीचं लग्न मोडेल" ही भीती मी फार ऐकतो. प्रसिद्ध होणाऱ्या माहितीत पेशंटची ओळख देता येत नाही. आणि हेही सांगायलाच हवं की १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून फिटचा आजार वगळला गेला. त्या आजारावरून लग्न रद्द करता येत नाही. गावात अजून किती जणांना हे माहीत नाही याचं वाईट वाटतं.

ऑपरेशनमधल्या नसांच्या देखरेखीचा अभ्यास असेल तर

मेंदू, मणका किंवा थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये भूल दिलेला पेशंट हात हलवून दाखवू शकत नाही. म्हणून डोक्याला, हातापायांना किंवा गळ्याच्या भागात बारीक सुया वा इलेक्ट्रोड लावून, हलका विद्युतप्रवाह देऊन संदेश नीट पोहोचतो का ते मशीनवर बघत राहतात. संवेदनेच्या संदेशाची मशीनवर दिसणारी उंची निम्म्याने घटली किंवा त्याला लागणारा वेळ दहा टक्क्यांनी वाढला की सर्जनला सावध करतात. कुठल्या भुलीत हे संदेश चांगले मिळतात, यावर बरेच अभ्यास होतात, कारण स्नायू सैल करणारी औषधं आणि जास्त प्रमाणातला भुलीचा वायू संदेश दाबून टाकतात.

इथे फिटच्या पेशंटने एक गोष्ट न विसरता सांगायची: मला फिट येतात. डोक्यावरून प्रवाह देऊन हालचालीचे संदेश तपासताना फिट येण्याचा थोडा धोका असतो, आणि जीभ चावली जाऊ नये म्हणून तोंडात पट्टीही ठेवावी लागते. पेसमेकर, कवटीत बसवलेली वस्तू किंवा कवटीचं हाड काढलेलं असेल तर तेही सांगा. अशा पेशंटला अभ्यासातून वगळलं तर ते त्याच्या भल्यासाठीच असतं.

ऑपरेशनची संमती वेगळी, भुलीची वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. तिन्ही कागद एकाच गठ्ठ्यात पुढे आले तर एकेक करून वाचा. अभ्यासाची सही थिएटरच्या दारात, गाऊन घातल्यावर नको, आदल्या दिवशी वॉर्डात किंवा त्याआधी ओपीडीत व्हायला हवी. अभ्यासाला नाही म्हटलं म्हणून ऑपरेशन अडवता येत नाही.

सही झाल्यावर

सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची एक प्रत तुमची. ती घेतल्याशिवाय उठू नका. त्यावर प्रमुख डॉक्टर आणि एथिक्स कमिटीचा फोन असतो, तक्रार तिथेच करायची.

अभ्यासातून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार चालूच राहतात. मात्र बाहेर पडायचं म्हणजे गोळ्या फेकून द्यायच्या नव्हेत. फिटची गोळी एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जीवावर बेतते. डॉक्टरला सांगा, ते मात्रा हळूहळू कमी करून देतील.

नव्या औषधाचा गुण आला, पण अभ्यास संपला, तर पुढे ते मिळणार का? २०१९ च्या नियमांत डॉक्टरांची शिफारस आणि एथिक्स कमिटीची मान्यता असेल तर काही अटींवर औषध पुढे मोफत देण्याची सोय आहे. ती या अभ्यासाला लागू होते का, हे सहीच्या दिवशीच विचारा आणि उत्तर माहितीपत्रकात कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.