संतांची मध्यस्थी

स्वर्गवासी संतांनी आपल्यासाठी देवाकडे प्रार्थना करावी, अशी त्यांना विनंती करण्याची ख्रिस्ती प्रथा. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च ती मानतात. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ मानत नाहीत. इंदूरमध्ये दोन्ही परंपरा एकाच शहरात नांदतात : लाल चर्च हे कॅथलिकांचे कॅथेड्रल, तर व्हाइट चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या प्रॉटेस्टंट चर्चचे.

मराठी माणसाला ही प्रथा नवसासारखी वाटते, पण ती तशी नाही. संतांच्या नाममालेत, म्हणजे एकेक नाव घेत सर्वांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेत, क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ख्रिस्ताचे नाव घेतले की लोक ‘आमच्यावर दया कर’ म्हणतात. मारिया, पेत्र, फ्रान्सिस यांची नावे येताच ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असे म्हणतात. देणारा देव, संत सोबतीने मागणारा. म्हणून या प्रथेला सरसकट ‘संतपूजा’ म्हणणे अन्यायाचे आहे.

मराठी भाषेने या वादात एक गुंता नकळत घातला आहे. बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांत हयात विश्वासणाऱ्यांसाठी वापरलेल्या शब्दाचे मराठी बायबलात ‘पवित्र जन’ असे भाषांतर होते, तर चर्चने गौरवलेल्यांना आपण ‘संत’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द एकच. त्यामुळे कॅथलिक युक्तिवादाचा कणा मराठीत दिसेनासा होतो : शेजारच्या विश्वासणाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणता येते, तर त्याच मंडळीतल्या, पण मृत्यूपलीकडे गेलेल्या भावाला का नाही? बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात स्वर्गातील वडीलधारी मंडळी पवित्र जनांच्या प्रार्थना धूपाच्या वाट्यांतून कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, धरतात, हा कॅथलिकांचा आवडता दाखला.

प्रॉटेस्टंट हरकतही तितकीच मनापासूनची आहे. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राप्रमाणे (1 तीमथ्य 2:5) मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. आणि मृतांना आपली हाक ऐकू जाते असे शास्त्रात कुठेही सांगितलेले नाही. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनाने, संतांचे स्मरण करावे, पण त्यांचा धावा करू नये, असे म्हटले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1563 मध्ये उलट तो धावा ‘चांगला व उपयुक्त’ ठरवला. मतभेदाचे खरे टोक संतांच्या थोरवीत नाही, त्यांना ऐकू येते का, यात आहे.

इंदूरकरांसाठी हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसने इंदूरला निघाल्या होत्या. वाटेतच त्यांची हत्या झाली. मारेकऱ्याला त्यांच्या कुटुंबाने क्षमा केली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच त्यांना ‘धन्य’ (कॅथलिक चर्चमधील ‘संत’पदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले. हौतात्म्य मान्य झाल्यामुळे त्यासाठी चमत्काराची अट नव्हती. मात्र ‘संत’ हे पद मिळण्यासाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेला चमत्कार साधारणपणे सिद्ध व्हावा लागतो. म्हणजे कोणीतरी आधी त्यांच्याकडे विनंती केलेली असावी लागते.